सात ट्रॅकचा अल्बम आणि राहून गेलेली ओवी

पार्श्वभूमी

सिनेमाचं नाव, बॅनर, लेबल म्हणजे गाणी काढणारी कंपनी, काहीच लिहीत नाही, ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील. माणदेशातल्या एका मेंढपाळ कुटुंबाची गोष्ट, बजेट छोटं, कलाकार बहुतेक नवे, शूटिंग सगळं तिकडेच एका गावात. मी मिक्सिंगचं काम करतो, पण छोट्या सिनेमात एकाच्या गळ्यात चार कामं पडतात, तसं गाण्यांचं रेकॉर्डिंग, मिक्स, लेबलला मास्टर म्हणजे गाण्याची अंतिम प्रत पाठवणं आणि मधल्या सगळ्या भांडणांत फोन उचलणं असं सगळंच माझ्याकडे आलं. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातल्या अर्ध्या चुका माझ्या आहेत.

लेबलशी जो करार झाला त्यात सात ट्रॅक लिहिले होते. सातच का, तर त्यांच्या आधीच्या करारात सात होते म्हणून. गंमत म्हणजे त्याच मीटिंगमध्ये सैराटचं उदाहरण दोनदा निघालं, आणि सैराटच्या अल्बममध्ये गाणी किती, तर चार. २०१६ पासून प्रत्येक निर्मात्याला एक झिंगाट पाहिजेच असतं, पण चारवर थांबायची हिंमत कोणी उचलत नाही. संगीतकाराकडे चाली होत्या चार. धनगरांच्या गजी नाचाच्या ढोलावरचं टायटल साँग, एक प्रेमगीत, एक हळदीचं आणि एक विरहाचं. सात कसे झाले? विरहाचं गाणं बाईच्या आवाजात पुन्हा, प्रेमगीताचं अनप्लग्ड, आणि हळदीच्या गाण्याचं डीजे रिमिक्स. झाले सात.

आणि सिनेमात आणखी एक गोष्ट होती जी कोणी गाणं म्हणून मोजलीच नाही. मध्यंतरानंतर नायिका पहाटे जात्यावर बसते आणि ओवी म्हणते, एक मिनिट चाळीस सेकंद, मागे वाद्य एक नाही. कॅमेरा हलत नाही. स्क्रिप्टमध्ये त्याला 'सीन ५८' एवढंच नाव होतं.

चांगलं काय होतं

आधी हे सांगतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल अल्बम टाकाऊ होता. तसं अजिबात नव्हतं.

टायटल साँग आजही ऐकलं की मला बरं वाटतं. गजीचे ढोल आम्ही स्टुडिओत आणले नाहीत, गावातल्या माळावरच रेकॉर्ड केले, ढोलवाले गोलात उभे आणि मध्ये दोन माइक, लांबवर आणखी दोन. सँपल लायब्ररीतला ढोल कितीही महाग घ्या, त्यात दहा ढोल एकत्र पडतात तेव्हाची ती किंचित मागंपुढं होणारी थाप मिळत नाही, ती थाप अचूक नसते म्हणूनच अंगावर येते. सुरुवातीला ५० सेकंद नुसतं सुंबरान म्हणजे धनगरांचं देवाचं स्मरण आहे, एक म्हातारे गृहस्थ मोकळ्या आवाजात मांडतात आणि मग ढोल येतात. लेबलवाल्यांनी सांगितलं की हे कापा, स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच एक स्ट्रीम धरतात, तोवर ढोलच आला नाही तर माणूस पुढे जाणार. हिशोब बरोबर होता त्यांचा. पण दिग्दर्शक अडून बसला, मीही त्याच्या बाजूने बोललो, ५० सेकंद राहिले. सगळ्या प्रकरणात आम्ही ठामपणे घेतलेला आणि बरोबर ठरलेला निर्णय मला वाटतं हा एकच.

हळदीच्या गाण्याचे शब्द पण फार छान होते, करवली आणि नवरदेवाची नुसती थट्टा, कुठेही ओढूनताणून गावठीपणा आणलेला नाही.

कच्चं काय होतं

पहिलं म्हणजे प्रेमगीत. गायिका मोठ्या नावाची, मुंबईत एक तास मिळाला, मराठी मातृभाषा नाही. सूर तिचा लागतोच, त्यात प्रश्न नाही. पण मुखड्यातच 'चांदणं' होतं आणि ती चंद्रातला च म्हणत होती. दोनदा सांगितलं, दोनदा बरोबर आलं, तिसऱ्यांदा परत चंद्रातला. तास संपला. मग मी काय केलं, संगीतकाराने स्वतः गाऊन ठेवलेला जो स्क्रॅच, म्हणजे कच्चा नमुना, होता त्यातला च उचलला, नुसता च, आणि तिच्या चांदण्याला पुढे चिकटवला. तो च म्हणजे जवळजवळ 'त्स', त्याला सूर नसतो, नुसती हवा असते, म्हणून पुरुषाचा तुकडा बाईच्या आवाजाला लागला तरी कळत नाही. असे सहा ठिकाणी सहा च. पण ळ ला हे करता येत नाही, ळ ला सूर असतो, त्यामुळे 'आभाल' तसंच राहिलं. कमेंटमध्ये पहिल्याच दिवशी कोणीतरी लिहिलं 'आभाल फाटलं', त्यावर हसायचं की रडायचं कळेना.

दुसरं, आवाजाची पातळी. सगळे म्हणाले गाणी जोरात वाजली पाहिजेत, दिग्दर्शकाने गाडीत लावून एका हिट गाण्याशी तुलना केली, झालं, मास्टर दाबून दाबून उणे ८ एलयूएफएसपर्यंत नेला (एलयूएफएस म्हणजे आवाजाच्या जोराचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा). आता स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ ला आणून वाजवतं, म्हणजे तुम्ही जेवढं दाबलं तेवढं ते खाली ओढतात, जोर तर मिळत नाहीच आणि ढोलाच्या थापेचं टोक मात्र मास्टरिंगमध्ये कापून गेलेलं असतं. माळावरचे दहा ढोल फोनवर पत्र्याच्या डब्यासारखे झाले. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून दाबलं, कारण त्या दिवशी भांडायचा कंटाळा आला होता.

तिसरं म्हणजे सातच्या आकड्याने केलेलं नुकसान. विरहाचं गाणं दोनदा, प्रेमगीत दोनदा, हळद दोनदा, आणि प्रेमगीत नि विरहाचं गाणं यांची लयही जवळपास एकच. सलग ऐकलं तर तिसऱ्या ट्रॅकनंतर वाटतं हे आपण आत्ताच ऐकलं की. कॅसेटच्या काळात ए साइड बी साइड असायची, मध्ये उठून कॅसेट उलटायला लागायची, तेवढ्यात कान ताजे व्हायचे आणि बी साइडला पहिलं गाणं कुठलं ठेवायचं याचा लोक विचार करायचे. आमच्या अल्बमचा क्रम ठरला एका ईमेलच्या खाली, पाच मिनिटांत.

पण खरी अडचण यातली कुठलीच नव्हती.

अडचण

अल्बम सिनेमाच्या तीन आठवडे आधी आला. त्याच्याही आधी, फायनल मिक्सच्या वेळी, आम्ही दहाबारा जणांना सिनेमा दाखवला होता. कोणी नात्यातले, कोणी असिस्टंटचे रूममेट. बाहेर येऊन चहा पिताना त्यातल्या निम्म्या लोकांनी एकच विचारलं, ती जात्यावरची ओवी कुठे ऐकायला मिळेल? प्रेमगीताबद्दल कोणी बोललंच नाही, ज्यावर सगळ्यात जास्त पैसे गेले होते.

तेव्हा हातात साधारण महिना होता. ओवी अल्बममध्ये घ्यायची का, घ्यायची तर कशी, हा प्रश्न त्या चहाच्या टपरीवर उभा राहिला आणि आम्ही तो नीट सोडवला नाही.

ओवीची हकिकत अशी. ज्या घरात शूटिंग होतं तिथल्या आजींनी नायिकेला ती शिकवली, तीन दिवस रोज पहाटे शेजारी बसवून. आजींचं म्हणणं, 'ह्याला काय गाणं म्हणत्यात व्हय? दळताना तोंड रिकामं राहू नये म्हणून म्हणायचं.' भाऊ घाट चढून येतोय की नाही एवढाच विषय. नायिका शूटला खरंच बाजरी दळत होती, आवाज सगळा तिथला तिथे घेतलेला, डबिंग नाही.

पर्याय

चार पर्याय होते.

एक, सोडून द्या. सात ट्रॅक झालेत, करार पूर्ण आहे. लेबलचा कल इकडेच होता, आणि त्यांचं कारण अगदीच फालतू नव्हतं. फॉर्म भरताना गीतकार, संगीतकार, त्यांची टक्केवारी हे सगळं लिहावं लागतं. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लिहून घेऊन काढून टाकता येत नाही, त्यामुळे लेबलं या रकान्यांबाबत आता जास्त सावध झालीयेत. ओवी पारंपरिक, शब्द कोणाचेच नाहीत आणि सगळ्यांचे आहेत, मग उद्या कोणी उठून आमच्या आजीची ओवी म्हणाला तर?

दोन, स्टुडिओत नीट रेकॉर्ड करा, चांगली गायिका, मागे कीबोर्डच्या लांब सुरांचं हलकं पॅड, एखादी बासरी. निर्मात्याला हे आवडलं होतं.

तीन, सिनेमातला आवाज आहे तसा साफ करून टाका. त्यात बांगड्या कपड्याला लावलेल्या लेपल माइकवर आपटतात, मागे एक कोंबडा आहे, आणि जात्याची घरघर तर आहेच.

चार, टायटल साँगच्या सुरुवातीला जोडून द्या, म्हणजे वेगळा ट्रॅक नको, वेगळा फॉर्म नको. हा माझा पर्याय. आज विचार केला तर सगळ्यात वाईट हाच होता, सुंबरान आणि जात्यावरची ओवी या दोन वेगळ्या जगातल्या गोष्टी, एक पुरुषांनी देवापुढे मांडायची, दुसरी बाईने अंधारात स्वतःशी म्हणायची. दोन्हीला ओवी म्हणतात म्हणून मी एकाला एक शिवायला निघालो होतो. संगीतकाराने एका वाक्यात फेटाळलं, बरं झालं.

दिग्दर्शक तीनच्या बाजूने होता पण त्याचं लक्ष सगळं सेन्सॉर आणि थिएटरमध्ये अडकलेलं. त्याने एकदाच जैत रे जैतचं नाव काढलं, की बाबा १९७७ साली त्या सिनेमात लहान लहान गाणी पेरलीयेत, मिनिटा-दोन मिनिटांची, आणि तीच लोक अजून म्हणतात, मग आपली एक मिनिट चाळीसची ओवी लहान कशी? मुद्दा बिनतोड होता. लेबलच्या मीटिंगला मात्र तो नव्हता, मी होतो, आणि मी तो मुद्दा मांडला नाही.

काय केलं

दुसरा पर्याय करून बघितला. चांगली गायिका बोलावली, लोकसंगीत गाणारी, मराठी उच्चार खणखणीत. मी सवयीने क्लिक लावला, म्हणजे कानात ठरावीक लयीची टिकटिक, मिनिटाला ८४ ठोके. दोन तास गेले. ती फार सुंदर गायली आणि ओवी मेली.

का मेली हे मला तिथे कळलं नाही, दोन दिवसांनी सिनेमातला ट्रॅक आणि हा ट्रॅक शेजारी ठेवले तेव्हा कळलं. जात्यावरच्या ओवीला ठेका नसतो असं नाही, ठेका जातं देतं. मूठभर वैरण, म्हणजे दळायचा दाणा, घातली की दगड जड होतो, खुंटा ओढायला जोर लागतो, फेरा मंदावतो, आवाज खोल जातो. मग दाणा दळत दळत संपत येतो तसा फेरा हलका आणि भरभर. नायिका वैरण घालताना गप्प होते, त्या गप्प बसण्याची लांबी प्रत्येक वेळी वेगळी आहे, आणि पुढची ओळ उचलताना तिला थोडी धाप लागलेली असते. शब्द 'घाट चढून' आणि श्वास पण घाट चढल्यासारखाच. आता हे ८४ च्या क्लिकवर कुठून येणार? गायिकेचा काही दोष नाही, तिच्या हातात खुंटा नव्हता.

तो ट्रॅक कोणालाच आवडला नाही, निर्मात्यालासुद्धा. इथे खरं तर तिसऱ्या पर्यायाकडे वळायचं सोडून आम्ही थकून पहिल्याकडे गेलो. 'बघू, सिनेमा आल्यावर सोडू' असं ठरलं. हे असं 'बघू' म्हणणं हाच निर्णय असतो, फक्त तो कोणी घेतला हे नंतर सापडत नाही.

आणखी एक गोष्ट झाली त्या आठवड्यात. लेबलकडून सुचवलं गेलं की ओवी घ्यायचीच असेल तर संगीत म्हणून संगीतकाराचं नाव घाला, शब्द म्हणून गीतकाराचं, कागद सरळ होतील. बऱ्याच ठिकाणी असं सर्रास होतं आणि कोणाला काही वाटत नाही. आमच्या संगीतकाराने नकार दिला, म्हणाला मी एक सूर लावलेला नाही त्यात, आजीचं नाव टाका नाहीतर टाकू नका. या बाबतीत मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

काय झालं

सिनेमा लागला. पहिल्याच शनिवारी लोकांनी थिएटरमध्ये फोन धरून ओवीचा सीन शूट केला आणि ते तुकडे रील्सवर फिरायला लागले, आवाज घोगरा, मागे कोणाचं तरी बाळ रडतंय, तरी फिरले. खाली सगळीकडे एकच प्रश्न, गाणं कुठे मिळेल. आमच्या ऑफिशियल अल्बमखाली पण तोच प्रश्न. जे विचारत होते ते अल्बम उघडून, सात ट्रॅक बघून, त्यात नाही म्हणून परत जात होते, म्हणजे गिऱ्हाईक दुकानात आलेलं आणि माल मागच्या खोलीत.

मग धावपळ. सिनेमातला ट्रॅक साफ करायला घेतला, बांगड्या राहू दिल्या फक्त दोन ठिकाणी माइकवर जोरात आपटल्यात तेवढ्या कमी केल्या, कोंबडा राहू दिला. कागदांचं काम वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. शब्द आणि चाल पारंपरिक असं लिहिलं, गायिका म्हणून नायिकेचं नाव, आणि ओवी कोणाकडून मिळाली तिथे आजींचं नाव, गावासकट. हे गावासकटचं डोक्यात आलं ते हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या कामामुळे, त्यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या जमवल्या, आता त्या 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर आहेत आणि तिथे ओवीपाशी म्हणणाऱ्या बाईचं नाव नि गाव असतं. आजींना ठरलेली रक्कम दिली, कागद नातवाने वाचून दाखवला मग त्यांनी अंगठा नाही, सही केली, वळणदार, आम्हीच चुकीचं गृहीत धरलं होतं.

एवढं सगळं होऊन ओवी बाहेर आली तेव्हा सिनेमा लागून पाच आठवडे झाले होते. थिएटरमधून तो दुसऱ्या आठवड्यातच उतरला. ओवी लोकांनी ऐकली, ऐकतायत, पण ज्या चार दिवसांत ती सिनेमाला माणसं आणून देऊ शकली असती ते दिवस गेले. अल्बममधलं आज जे काही चालतं ते टायटल साँग. डीजे रिमिक्स एका वरातीत वाजताना मी स्वतः ऐकलंय, म्हणजे अगदीच वाया गेलं असं म्हणता येत नाही, पण ते ऐकून कोणी सिनेमा शोधत आलं असेल असं मला वाटत नाही.

आता वेगळं काय केलं असतं

चारच गाणी आणि पाचवी ओवी. सातचा आकडा करारात होता हे खरं, पण सही करायच्या आधी आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही, आणि लेबलवाले राक्षस नव्हते, विचारलं असतं तर ऐकलं असतं बहुतेक. निदान विरहाचं दुसरं व्हर्जन काढून त्या जागी ओवी बसली असती.

टेस्ट स्क्रीनिंगनंतर चहाच्या टपरीवर जे कळलं ते त्याच रात्री लिहून सगळ्यांना पाठवलं असतं. आमच्यात ते तोंडी राहिलं, आणि जो मीटिंगला जाईल त्याच्या मूडवर अवलंबून राहिलं. मी त्या मीटिंगला गेलो होतो. माझा मूड नव्हता.

प्रेमगीताचे पैसे एका मोठ्या नावावर घालण्याऐवजी अर्धे ढोलवाल्यांच्या दुसऱ्या दिवसाच्या रेकॉर्डिंगवर घातले असते. यावर संगीतकार आणि मी अजून भांडतो. तो म्हणतो नाव नसतं तर लेबलने करारच केला नसता, आणि त्याचं खरं असू शकतं.

मास्टर मात्र उणे ८ ला नसता नेला, याबद्दल शंका नाही.

आणि ओवीचं मिक्सिंग. ते सांगायचं राहिलंच. गेल्या दिवाळीत आजींच्या घरी गेलो होतो, फराळ झाला, नातवाने फोनवर ओवी लावली. आजींनी शेवटपर्यंत ऐकली, मग विचारलं, 'जातं कुठं गेलं?'

थिएटरमध्ये जातं होतं. तिथे मी नायिकेचा आवाज मधल्या स्पीकरवर ठेवला होता आणि घरघर सबवूफरमध्ये, खुर्चीला जाणवायची. अल्बमसाठी स्टिरिओ केला तेव्हा मोठ्या स्पीकरवर ऐकून खूश झालो. पण ती घरघर इतकी खालच्या पट्टीत आहे की फोनच्या स्पीकरला ती वाजवताच येत नाही. म्हणजे ज्यांनी ज्यांनी फोनवर ऐकली, आणि फोनवर ऐकणारेच जास्त, त्यांना एक बाई पोकळीत गाताना ऐकू आली, मधेच विनाकारण थांबणारी.

परत येऊन दोन रात्री बसलो, घरघरीला थोडं सॅच्युरेशन देऊन, म्हणजे आवाज किंचित खरखरीत करून, तिचे वरचे सूर बाहेर काढले, आता साध्या फोनवर पण दगड फिरतो, वैरण पडली की जड होतो. नवं व्हर्जन टाकायचं तर लेबलकडून पुन्हा डिलिव्हरी, नवा आयएसआरसी नंबर (प्रत्येक रेकॉर्डिंगचा वेगळा ओळख क्रमांक), आणि जुन्या सिनेमाच्या एका छोट्या ट्रॅकसाठी ते कोण करणार. नातवाला फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, डॉक्युमेंट म्हणून पाठव असं त्यानेच सांगितलं, नाहीतर आवाज खराब होतो म्हणाला.